पेटी टेबलावर ठेवणार नाही

माझी आत्या डास पकडायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. गटारांपाशी, तळघरांत लावलेले सापळे ती सकाळी उचलायची, गारठवलेले डास थंड ताटलीवर पसरून चिमट्यानं माद्या वेगळ्या काढायची, कारण चावतात त्या माद्याच. पन्नास माद्यांची एक कुपी, वर ठिकाण आणि तारीख. मग बर्फाच्या पेटीतून त्या प्रयोगशाळेत जायच्या. त्यांच्या अंगात तापाचा विषाणू आहे का, ते तिथं तपासत. एकावन्नावी निघाली तर ही बाई पहिल्यापासून मोजणार. तिच्यापुढे आमचे बाबासुद्धा शहाणपणा करत नसत.

एका नव्या इमारतीच्या तळघरात पाणी साचलं होतं. इमारत आत्याच्या ऑफिसातल्या साहेबांच्या मेहुण्याची. मागच्या गल्लीत घरटी एक जण तापानं फणफणत होता, पण तीन आठवडे तिथल्या डासांचे अहवाल स्वच्छ. त्यामुळे तळघर उपसायचं कुणी मनावर घेईना.

चौथ्या आठवड्यात साहेब नेहमीसारखे गोड बोलले, "बाई, पेटी ठेवा टेबलावर. ड्रायव्हर जेवून आला की नेईल."

तेव्हा कुठे आत्याच्या डोक्यात उजेड पडला. ड्रायव्हरचं जेवण तीन-तीन तास चालायचं. तोवर बर्फाचं पाणी, नमुना खराब, आणि विषाणू असला तरी सापडायचा नाही.

"मीच नेते."

"पेटी घेऊन बाहेर पडलात तर उद्यापासून येऊ नका."

"मग नोकरी ठेवा टेबलावर. तिला बर्फ लागत नाही."

पेटी मांडीवर घेऊन ती बसनं गेली. चार दिवसांनी प्रयोगशाळेनं कळवलं, विषाणू आहे. तळघर उपसलं गेलं. गल्लीतली माणसं घरी येऊन तिला शूर म्हणाली, तर ती त्यांच्यावरच खेकसली.

"कसली डोंबलाची शूर? तीन वेळा ती पेटी मीच टेबलावर ठेवली ना!"

आणि आत्या ढसाढसा रडली. मला साहेबाचा इतका राग आला की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे पुसून तिनं अर्ज लिहिला: आधीचे तीनही अहवाल ग्राह्य धरू नयेत. नमुने गरम झाले होते. पेटी साहेबांच्या सांगण्यावरून मी ठेवली. खाली ठसठशीत सही. तो द्यायला ती मुख्य कचेरीत गेली, मी सोबत गेलो. कारकुनानं अर्ज वाचला आणि आवाज खाली आणला.

"बाई, पोच कशाला मागताय? यात तुमचीच नोकरी जाईल."

"ती गेली. शिक्का मारा."