जोगदंड सरांचा दगड

जोगदंड सर प्रबंध परत करताना त्याचं पहिलं पान फाडून हातात द्यायचे. त्याआधी एकच प्रश्न असायचा, "कोणाला विचारलं?" पुस्तकाचं नाव सांगितलं की म्हणायचे, "पुस्तकाचं शेत हाय का तिथं?" छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात ते पुरातत्त्व शिकवायचे आणि सगळा वर्ग त्यांना टरकून असायचा.

माझी पाळी चितेगावला आली. तिथल्या रस्त्याकडेला गोलात मांडलेले दगड मी इतिहासपूर्व काळातले ठरवले होते. सर अख्खा वर्ग घेऊन गेले आणि मला शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनला विचारायला लावलं. तो म्हणाला, ट्रक वळताना नालीत जाऊ नयेत म्हणून त्यानंच ते लावलेत. सर माझ्याकडे वळले. "लिहा, ट्रकयुगीन संस्कृती." पुढची दोन वर्षं मी ट्रकबाई होते.

सरांचा स्वतःचा जीव मात्र गंगापूरच्या बाजूच्या एका शिळावर्तुळात अडकला होता. गाव सांगणार नाही, माणसांची नावंही इथं खरी नाहीत. त्या वर्तुळाच्या मधोमध उभं राहिलं की वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य बरोबर बाहेरच्या एकट्या उभ्या दगडाच्या माथ्यावर उगवतो. लिहिता न येणाऱ्या माणसांनी दगडातच पंचांग मांडून ठेवलं, असं सरांचं म्हणणं. वीस वर्षं ते दर डिसेंबरात शेतमालक नानांकडे मुक्कामाला जात. मीही दोनदा गेले. तिथं ते कोणावर डाफरत नसत. कानटोपी घालून गप्प उभे राहत.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी लागले. शहरातल्या एका परिसंवादात ते या वर्तुळावर निबंध वाचणार होते. आठ दिवस आधी मी एकटीच नानांकडे गेले आणि वही उघडून बाहेरच्या त्या एकट्या दगडाबद्दल विचारलं. नाना म्हणाले, तो दगड त्यांच्या वडिलांनी रोवला, बैलांना अंग घासायला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सरांना फोन करता आला असता. मी केला नाही.

निबंध संपला आणि मी उठले. "सर, कोणाला विचारलं?" मग बैलांचं सांगितलं. सभागृह खदखदून हसलं. सरांनी कागद गोळा केले, "चुकलंच," म्हणाले आणि खाली बसले. त्यानंतर ते त्या शेतात गेले नाहीत. दीड वर्षात वारले. शोकसभेतही एकानं बैलांचा किस्सा सांगितला, आणि लोक हसले.

गेल्या डिसेंबरात मी तिथं गेले. सूर्य दगडाच्या माथ्यावरच आला. सर गेले हे ऐकून नानांनी डोक्यावरची टोपी काढली.

"खरं सांगू का म्याडम? त्यो दगड माझ्या पणज्याच्या आधीपासून हाय तिथं. तुम्ही वही काढून लिवाया लागल्या, मला वाटलं शेत सरकारात जातंय आता. म्हणून बापाचं नाव घेतलं."

सरांनी कधी विचारलं नव्हतं का, असं मी विचारलं.

"पैल्याच वर्षी इचारलं. त्यांना खरं सांगितलं. पर माझं नाव कुठं काढणार नाय, असा शब्द घेतला हुता."

सरांचं ते "चुकलंच" मला पुन्हा ऐकू आलं. निघताना नानांनी हात जोडले. "तुम्ही बी कुठं बोलू नका."

मी शब्द दिला. सरांसाठी आता तेवढंच करता येण्यासारखं होतं, आणि त्यानं सर कायमचे चुकीचे ठरणार होते.