मी वठवलेला अडाणी

“या, अडाणीबाबा! शेती कशी करू नये ते दाखवा यांना.”

साहेब मांडवातून माईकवरून बोलले. मी लेंगा वर खोचला, टोपली काखेला लावली आणि चिखलात उतरलो. मोड आलेलं भाताचं बी मुठीमुठीनं फेकू लागलो. खाडीकाठच्या आमच्या खाऱ्या जमिनीत वाडवडील असंच पेरत आले आहेत.

“कोंबड्यांना दाणे टाकतोय बघा!” साहेब म्हणाले.

मांडव हसला. हसणारे स्वतः तसंच पेरणारे. मीही हसलो. मग साहेबांच्या माणसांनी दोरी धरून रोपं ओळीत लावली. टाळ्या झाल्या.

मी रेवसकडचा. शेतकी केंद्रात रोजंदारीवर होतो. शेतकरी शिबिर असलं की अडाणी मीच. साहेब बदलले, अडाणी तोच. मला ते आवडत होतं, हेही लिहून ठेवतो. उन्हात दिवसभर वाकण्यापेक्षा घटकाभर सोंग बरं. गोणपाट पांघरून लंगडणं माझ्या मनाचं, कुणी सांगितलं नव्हतं. बाप माझा तसाच लंगडत पेरायचा.

साहेबांना माझा आणखी एक उपयोग होता. कुणी अडचणीचं विचारलं की ते माझ्याकडे बघायचे. मी तोंड वाकडं करायचो. हशात प्रश्न बुडायचा.

मग एका पावसाळ्यात उधाणानं बांध फुटला. थोरल्या वहिनीच्या शेतात खाडी शिरली. भाऊ वारल्यावर तिला तेवढंच शेत. पुढच्या शिबिरात ती बायकांच्या मागल्या रांगेतून उठली.

“सायेब, खारा पानी शेतान शिरला. तुमी सांगल्यावानी ओलीन लावलेली रोपा जलली. आता काय लावू?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड वाकडं केलं. मांडव हसला. वहिनी बसली.

घरी जाताना बांधावर ती पुढे चालत होती. मागे न बघता म्हणाली, “भावजी, सोंग झ्याक केलंत. माझा इचारायचा ऱ्हायला.”

त्या वर्षी तिचं शेत पडीक राहिलं. माझ्या दारातून दिसतं ते.

यंदा पुन्हा मांडव. पुन्हा “या, अडाणीबाबा!” टोपली घेऊन चिखलाच्या कडेला गेलो. पाय उतरेना. माघारी वळलो आणि टोपली साहेबांच्या टेबलावर ठेवली. हारतुऱ्यांच्या मधोमध.

“आज सोंग नाय. हिला उत्तर द्या.” मी मागल्या रांगेतल्या वहिनीकडे बोट दाखवलं.

“अहो, कार्यक्रम पुढे जाऊ द्या.”

“जाऊ द्या ना. उत्तर दिल्यावर.”

मागे कुणीतरी हसलं, सवयीनं. वहिनी उठली. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. आता कुणी हसलं नाही. साहेब पाणी प्यायले.

“तसल्या जमिनीत आम्ही प्रयोग केलेला नाही.”

म्हणजे इतकी वर्षं गोड्या मातीत शिकले आणि खाऱ्या मातीतल्या माणसांना हसले. मी हसवलं. उत्तर मलाही ठाऊक नाही. आमची पेरणी तिथे तगेल असंही म्हणत नाही. शिकवा, आम्ही शिकू. पण प्रयोग वहिनीच्या शेतात करा, तिला विचारून.

केंद्रानं मला कामावरून काढलं. दुसरा अडाणी शोधताहेत. ज्याला विचारलं, त्याच्या घरी मी जाऊन आलो. तो जाणार नाही. तिसऱ्याच्याही घरी जाईन.

वहिनीच्या शेतातली पांढरी पडलेली माती पिशवीत भरून ठेवली आहे. पुढच्या शिबिरात ती टेबलावर ओतणार. तीत काय उगवेल ते शोधायला कधी येता, हे ठरेपर्यंत मांडवातून कुणाला उठू देणार नाही. साहेबांना तर नाहीच.