अप्पा म्हणत होते

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका जिन्यावर दर जूनला चपलांचा ढीग पडायचा. वर शशिधर सरांचा इंग्रजीचा क्लास. सरांचं आडनाव निम्म्या पोरांना ठाऊक नसायचं. त्यांच्या लेखी ते ‘डायरेक्ट-इनडायरेक्टवाले सर’. दहावीच्या पेपरात तो प्रश्न हमखास यायचा. शिरोली एमआयडीसीत भट्टीवर राबणाऱ्या बापाचं पोरगं बाकीच्या इंग्रजीत खुशाल गटांगळ्या खाईल, पण सरांच्या हाताखालून गेलेलं ह्या प्रश्नाचे मार्क घालवणार नाही, अशी क्लासची ख्याती होती.

त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. तीन पोरांना पुढं उभं करायचे. कडेच्या दोघांचं भांडण, बोलणं बंद, आणि मधला निरोप्या. कडेचा एखादा कृष्णात नावाचा पोरगा गाल फुगवून इंग्रजीत म्हणायचा, ‘मी उद्या येणार नाही.’ मधल्यानं ते पलीकडच्याला पोचवायचं. मग ‘आय’चा ‘ही’ व्हायचा, ‘टुमारो’चा ‘नेक्स्ट डे’, ‘हिअर’चा ‘देअर’ आणि ‘नाऊ’चा ‘देन’. मधला अडखळला की सर डस्टर आपटायचे.

“मूळ वाक्य काय होतं? ते सांग आधी! निरोप्यानं पदरचं घालायचं नसतं.”

वर्ग हसून बेजार व्हायचा. हा खेळ सरांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता, स्वतःच्या घरातून उचलून आणला होता, हे त्या हसणाऱ्यांना कोण सांगणार?

घर गडहिंग्लजला. वडील अण्णाप्पा मिरचीचे व्यापारी, बाजारात वजनदार माणूस, तोंडानं तिखट. आई महादेवी, म्हणजे अव्वा, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी, आवाज कधी उंबऱ्याबाहेर न जाणारी. मुलगा एकच, त्याच्या पाठीवर सुष्मिता. पोरगा बी. ए. झाला म्हणून अप्पांनी बाजारात पेढे वाटले ते एवढ्याचसाठी, की शिकलेला वारस गादीवर बसणार.

खंडेनवमीला दुकानात तराजूची पूजा असायची. नव्वदच्या आसपासच्या त्या साली अप्पांनी चार व्यापारी मुद्दाम बोलावले होते. पोरानं तराजूला हळदकुंकू लावायचं आणि अप्पांच्या शेजारी बसायचं, एवढाच सोहळा. त्या सकाळी शशिधर पहिल्या एसटीनं कोल्हापूरला निघून गेला. क्लास काढायला भाड्याची खोली बघितली होती. ते बापाला तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून अव्वाला सांगून गेला. इथंच तो चुकला. सणाच्या दिवशी, चारचौघांत, शेजारची गादी रिकामी ठेवून बापाला तराजूची पूजा करावी लागली. शशिधरनं तोंडावर ‘दुकान नको, नोकरी करतो’ म्हटलं असतं, भांडला असता, तर अप्पांनी दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण हे त्यांच्या काळजात रुतलं.

त्या दिवसापासून अप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. अबोला आपल्याकडं काही नवा नाही, पण अप्पांचा अबोला त्यांच्या मिरचीसारखा, मुरलेला. शशिधर सणासुदीला घरी आला की दोघं बाहेरच्या एकाच सोप्यात बसायचे आणि अप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून म्हणायचे, “त्याला विचार, किती दिस हाय?” अव्वा पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, “शशी, अप्पा विचारत्यात, निवांत ऱ्हाणार हाईस न्हवं?” शशिधरही हट्टी. तोही दाराकडंच बघून म्हणायचा, “उद्या जाणार, म्हणून सांग.”

एरवी दर रविवारी तो एसटीडी बूथवरून फोन करायचा. उचलायची अव्वाच. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. “अप्पा म्हणत होते...”

अप्पा म्हणत होते, खानावळीचं लई खाऊ नको. अप्पा म्हणत होते, अंगावर ताप काढू नको. पहिल्या साली क्लासला जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं होती. शशिधर रडकुंडीला आला होता, खोलीची किल्ली परत द्यायला निघाला होता. त्या रविवारी अव्वा म्हणाली, “अप्पा म्हणत होते, धरलेलं काम पहिल्याच साली सोडू नको. माझं दुकान तरी कुठं पहिल्या साली चाललं हुतं?” तो बूथमध्ये उभ्याउभ्या रडला. किल्ली खिशातच राहिली. पुढं क्लास दणदणीत चालला, जिन्यावर चपला मावेनाशा झाल्या, आणि हे सगळं बापाच्या त्या एका वाक्यावर उभं आहे असं तो मनाशी धरून राहिला. बाप तोंडानं बोलत नसला तरी आतून आपला आहे. माणसाला जगायला तेवढं पुरतं.

तो स्वतः मात्र उलटा निरोप कधी देत नसे. ‘बरा हाय म्हणून सांग’ एवढंच. अप्पा कसे आहेत, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. अभिमान आडवा यायचा.

आणि बऱ्याच वर्षांनी एका मंगळवारी शेजारच्या केरबाचा फोन आला. अव्वा चुलीपुढं बसल्याजागी कलंडली होती. शशिधर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लिंगायत रिवाजानं भस्म लावून, फुलांत बसवून तिला समाधी दिली. अप्पा कोरड्या डोळ्यांनी मूठभर माती टाकून बाजूला झाले.

दिवसकार्य उरकलं. सुष्मिता दुपारच्या गाडीनं संकेश्वरला सासरी परत जाणार होती. पिशवी भरत ती सोप्यात बसली होती. एका कोपऱ्यात अप्पा, दुसऱ्यात शशिधर. अप्पा खाकरले.

“सुष्मे, त्याला सांग. दर रविवारी फोनवर माझा गुडघा विचारत हुता. तेवढं बरं वाटायचं. कोण तरी विचारतंय म्हणून.”

सुष्मितानं भावाकडं बघितलं. गुडघा? अप्पांचा गुडघा दुखतो, हेच शशिधरला माहीत नव्हतं. पण ते त्यानं कबूल केलं नाही. तो चाचरत एवढंच म्हणाला, “अप्पांना सांग... पहिल्या साली त्यांनी सांगितलं हुतं, काम सोडू नको. दुकानबी पहिल्या साली चाललं नव्हतं म्हणून. त्यामुळंच मी टिकलो.”

“मी?” अप्पांच्या भुवया चढल्या. “मी न्हाय असलं कधी बोललो. माझं दुकान पहिल्या दिवसापासनं चाललंय. ह्याच्या क्लासचं नाव निघालं की मी उठून जात हुतो.”

अप्पांची नजर हळूहळू शशिधरच्या चेहऱ्यावर आली, तिथं काय दिसलं कुणास ठाऊक, आणि खाली गेली. त्यांनाही कळलं असावं. गुडघ्याची चौकशी कुणाची होती ते.

सुष्मितानं डोळे पुसले आणि पिशवी उचलली. “मी अव्वा न्हाय,” ती म्हणाली. “मला हे जमायचं न्हाय. तुमचं तुम्ही बोला.” आणि ती स्टँडकडं गेली.

घरात दोघंच उरले. पोरांना ‘मूळ वाक्य काय’ म्हणून दरडावणाऱ्या माणसानं अव्वाला ते एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर क्लास उभा राहिला नसता, आणि अप्पांचे रविवारही रिकामे गेले असते. दोन हट्टी माणसांना जगवायला ती बिचारी वर्षानुवर्षं पदरचं घालत राहिली, आणि दोघांपैकी एकानंही तिला कधी विचारलं नाही, की तुझं काय दुखतंय.

अप्पा उठायला गेले. गुडघ्यानं दगा दिला, ते भिंतीला धरून तसेच थांबले. शशिधर धावला, पण हात लावायचं धाडस झालं नाही.

“अप्पा, गुडघा कसा हाय?”

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडं तोंड करून ते म्हणाले,

“त्याला सांग, लई दुखतोय.”