मुक्कामी गाडीचा दुसरा भाग

सुजाता गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी आधी नंबर तपासला. नंबर तिचाच होता, आणि म्हणूनच मला जास्त संशय आला. मेलेलं माणूस स्वतःच्या फोनवरून कसं कळवील? हल्ली कुणाचाही फोन कुणीही चालवतं... मग वाटलं, तीन वर्षं आमचं बोलणं बंद आहे, मी फोन करावा म्हणून तिनंच हे केलं असेल. असलं नाटक कुणी करत नाही हे मलाही कळतं, पण माझा स्वभाव पहिल्यापासून असा. दुधवाल्यानं माप जास्त दिलं तरी मी दूध हुंगून बघतो. दुपारी कॉलेजच्या वर्गातल्या दोघांनी तेच सांगितलं तेव्हा कुठं खरं वाटलं. मेसेज तिच्या वडिलांनी केला होता. दोन वर्षं तिचं किडनीचं दुखणं चाललं होतं म्हणे. मला पत्ता नव्हता.

मी लातूरचा, ती मुखेडची, आणि कॉलेज दोघांचं नांदेडला. तिचे वडील, किसनकाका, मुखेड डेपोत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर नांदेडला घर बांधून राहिले. कॉलेज संपून नोकरी लागेना, त्या वर्षी आम्ही दोघांनी त्या घरात बसून मोबाईलवरचा गेम केला. बसून म्हणजे मी बसून. सुजाताला बसल्या जागी काही सुचायचंच नाही. स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर अशा चकरा मारत ती बोलायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचो, कारण माझं अक्षर चांगलं आणि तिचं अक्षर तिचं तिलाच लागत नसे. नंतर कोड तिनं लिहिला, चित्रं तिनं काढली. रस्ते आणि मार्कांचे नियम माझे. गेमचं नाव ठेवलं ‘मुक्कामी गाडी’. नांदेडहून एसटी काढायची आणि दिवस मावळायच्या आत मुखेडच्या पलीकडच्या गावात मुक्कामाला न्यायची, एवढाच खेळ.

माझा नियम असा की जितक्या लवकर पोचाल तितके मार्क जास्त. आठ दिवसांत पोरांनी त्यातली मेख ओळखली. थांब्यावर कुणी कितीही हात करो, गाडी थांबवायचीच नाही. रिकामी गाडी पळवली की मार्कच मार्क. गेम चालला, आमचं कौतुक झालं, मी कॉलर ताठ करून फिरत होतो. किसनकाकांनी एकदा हातात घेतला, अर्ध्या रस्त्यातच फोन खाली ठेवला आणि म्हणाले, “मानसं घ्यायची न्हाईत तर मंग गाडी काढलीच कशाला?” सुजाता खूप हसली. मला ते टोचलं, आणि त्यांना ते बोलायला तिनंच शिकवलं असणार असंही मी मनात धरलं.

पुढं मी लातूरला एका क्लासेसच्या ऑफिसात लागलो, लग्न झालं, नांदेडला जाणं कमी झालं. आणि तीन वर्षांपूर्वी तिनं एकटीनं दुसरा भाग काढला. मी तो खेळायला घेतला तो चोरी पकडायला निघाल्यासारखा. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की हा गेम आमच्या गेमपेक्षा कितीतरी पुढचा आहे, आणि ते मला सहन होईना. पडद्यावरचं घड्याळ तिनं काढूनच टाकलं होतं. गाडी आता ड्रायव्हरच्या मर्जीनं सुटत नव्हती. मागून कंडक्टरची डबल बेल आल्याशिवाय हलायचीच नाही, आणि शेवटची म्हातारी सीटवर टेकेपर्यंत तो बेल देत नसे. आणि खरी गंमत पुढं होती. एका थांब्यावर माणूस सोडून गेलात, की पुढच्या थांब्यावरच्या लोकांना ते आधीच कळलेलं असायचं. ते हातच करत नसत, गाडीकडं पाठ करून उभे राहत. असे दोन-तीन थांबे चुकवले की सगळ्या रस्त्यावर तुमच्या गाडीत कुणी चढेना. पहिल्या भागात ज्यानं जिंकायचो त्यानंच इथं हरत होतो.

हे सगळं मी कुठंतरी लिहिलेलं आहे, माझ्या हातानं लिहिलेलं आहे, हे मला लख्ख आठवत होतं. वही तिच्याच घरी राहिली, हेही तितकंच लख्ख आठवत होतं. झालं, माझी खात्री पटली. मी तिला कळवलं की माझ्या वहीवर डल्ला मारून तू नाव कमावलंस. तिचं उत्तर एका ओळीचं होतं : “दत्ता, तू लई वहिमी हायस, आधी वही शोध, मंग भांड.” म्हणजे वही लपवलीय आणि वर मलाच शोधायला सांगतेय, असा मी अर्थ काढला. मग जो भेटेल त्याला सांगत सुटलो. वर्गमित्रांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं. लातूरच्या एका संस्थेत पोरांना गेम शिकवायचं काम निघालं होतं, तिनं अर्ज केला होता. तिथल्या सरांनी मला सहज विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हटलं, हुशार आहे, पण जरा बघून घ्या, दुसऱ्याचं ढापायची सवय आहे. ते काम तिला मिळालं नाही. का मिळालं नाही, हे मी कधी विचारलं नाही.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी नांदेडला गेलो. वंदना झाली, लोक जेवायला उठले, तेव्हा किसनकाकांनी मला खोलीत बोलावलं. आयुष्यभर तिकिटं तपासलेली नजर ती. त्यांनी शांतपणे विचारलं, “पोरीनं तुझं चोरलं, असं तू म्हनत फिरलास म्हनं. खरं हाय का?” मी म्हटलं, काका, तसं काही नाही, आता तो विषय कशाला... हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली आणि जेवून जायला सांगितलं. मी न जेवताच लातूरची गाडी धरली.

घरी आलो तर बायको म्हणाली, सगळ्या जगाची झडती घेता, एकदा आपला माळा तर बघा. मला राग आला, पण चढलो. क्लासेसच्या जुन्या माहितीपत्रकांच्या खोक्यात वही होती. सगळं होतं त्यात, माझ्याच सुंदर अक्षरात. घड्याळ काढायचं, डबल बेल, पुढच्या थांब्याला आधीच कळायचं... पण वाक्यं तिची होती, जशी ती चकरा मारत बोलली तशीच्या तशी. आणि प्रत्येकाच्या शेजारी लाल पेनानं माझा शेरा होता. घड्याळापुढं ‘नको’. बेलपुढं ‘खेळ रेंगाळेल, नको’. थांब्यापुढं ‘एवढं कोण लक्षात ठेवतंय, नको’. जे मी तोंडावर नाकारलं, तेच मी नंतर माझं म्हणून गावभर सांगत फिरलो होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी माळ्यावर तसाच बसून राहिलो. रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन नांदेडला गेलो आणि किसनकाकांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून एक-एक पान वाचलं. लाल शेऱ्यांवर बोट थांबायचं, मग पुढं सरकायचं. वाटलं शिव्या देतील; बरं झालं असतं. वही मिटून म्हणाले, “मला सांगून काय व्हनार? मला म्हाईतच व्हतं. जितं जितं बोललास, तितं जाऊन सांग.”

तेव्हापासून तेच करतोय. पण कुणाकुणाशी बोललो ते मला धड आठवत नाही, म्हणून आज पेपरात लिहितोय. सगळ्यात आधी त्या सरांकडं गेलो. म्हटलं, सर, सुजाताबद्दल बोलायचं होतं. त्यांना आठवेना. कोण सुजाता? नांदेडची, गेम करायची, तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडं अर्ज केला होता... ते विचारात पडले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

“हां हां, ती होय. ती दुसऱ्याचं ढापणारी?”

मी म्हटलं, “ढापणारा मी, सर. तिचं नाव सुजाता.”