टेंभुर्णीची थंडी

हिमालयाची तयारी करायला मी आणि विजयाताई सोलापूरहून टेंभुर्णीला निघालो. मागच्या सीटवर बर्फातले बूट, वरून घालायच्या जाड विजारी, हार्नेस (चढाईत दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि एका पिशवीत तीन तऱ्हेच्या लेगिंग्ज. डिसेंबर होता. म्हणजे आमच्याकडे सकाळी पंखा एकवर आणि दुपारी तीनवर.

विजयाताई माझ्या मोठ्या नणंद. आम्ही दोघी बायकांच्या एका गिर्यारोहण गटात आहोत. मागच्या हिवाळ्यात गट मनालीच्या वर बर्फातल्या चढाईला गेला, आणि शेवटच्या चढावर ताईंचे पाय गुडघ्यापासून खाली बधिर झाले. वाटाड्याने त्यांना तिथूनच परत पाठवलं. बाकीच्या आम्ही माथ्यावर जाऊन आलो. घरी त्यांच्या मुलाने निकाल दिला, "आई, वय झालं तुझं. बास आता." ताईंनी तो निमूट मान्य केला, आणि माझं डोकं फिरलं ते तिथेच. एरवी ही बाई भाजीवाल्याचासुद्धा पहिला शब्द मान्य करत नाही.

यंदाच्या चढाईसाठी या टेंभुर्णीवारीच्या दुसऱ्याच दिवशी नावं कळवायची होती. ताईंचं नाव नव्हतं.

माझा संशय त्यांच्या वयावर नव्हता, लेगिंगवर होता. तिकडे त्यांनी सुती लेगिंग घातली होती, तीही एकावर एक दोन. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. चढताना कळत नाही. थांबलं की तेच ओलं कापड पायाला बर्फाची पट्टी लावल्यासारखं बसतं. शिवाय दोन घट्ट थर, म्हणजे रक्त खाली उतरायचीही पंचाईत. पण ताईंचं सासर चादरी विणणाऱ्यांचं. त्यांच्यासमोर सुताला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या सासऱ्यांना नाव ठेवण्यासारखं. शेवटी मी म्हटलं, "माझ्यासमोर थंडीत दोनदा उभ्या राहा, एकदा तुमच्या लेगिंगमध्ये, एकदा माझ्या. दोन्ही वेळा पाय बधिर झाले तर मी हा विषय जन्मात काढणार नाही." विषय संपतोय या आशेवर त्या तयार झाल्या.

आता थंडी आणायची कुठून? मी विम्याची कामं करते. टेंभुर्णीच्या अलीकडे लोणी साठवायचं एक शीतगृह आहे, त्याचे मालक माझ्या ओळखीचे. आत उणे अठरा. फोनवर ते आधी हसले, मग म्हणाले, "या. पण दार आमचा माणूस लावेल आणि तोच उघडेल."

थंडी मिळाली, पण लेगिंग मिळवताना माझा जीव गेला. नवी पेठेतल्या पहिल्या दुकानात मी थर्मल लेगिंग मागितली.

"शिमल्याला जायचंय वाटतं? मुलीचं लग्न झालं का मॅडम?"

"मलाच जायचंय. बर्फाचा डोंगर चढायला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "अरे, ते फरवालं काढ, डबल एक्सेल!"

फरवालं म्हणजे आतून लव असलेली नायलॉनची लेगिंग. कमरेला दोरीसारखं जाड इलॅस्टिक, त्यावर हार्नेस आवळला की वळ उठणार हे दिसतच होतं. तरी घेतली. दुसऱ्या दुकानात पुरुषांचं थर्मल पुढे केलं. "सेमच असतं मॅडम." सेम नसतं. बाईची कंबर, मांडी आणि लघवीला बसायची अडचण, तिन्ही गोष्टी वेगळ्या. बर्फात हार्नेस न सोडता मागून कपडा खाली ओढता यायला हवा. हे मी त्याला समजावायला गेले, तर तो मान खाली घालून घड्या घालायला लागला. शेवटी बारीक मेंढीच्या लोकरीची एकच लेगिंग बाहेरून मागवली, माझ्यासाठी. पातळ, सपाट शिवणीची, कमरेला रुंद मऊ पट्टी, आणि पोटरीवर संपणारी, म्हणजे बुटात तिची चुंबळ होत नाही. आधी चुकीचा साईझ आला, तो परत केला, मग बरोबर आला. तेवढ्यात पंधरवडा गेला.

मोहोळच्या पुढे रस्ता उसाने अडवला होता. गाळप हंगाम, त्यामुळे पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यात आभाळाला टेकेल एवढा ऊस, आणि चालकाच्या कानाशी मोठ्याने गाणं. हॉर्नचा त्याला पत्ता नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी वर आलेली. ताई खुशीत होत्या. "उशीर होतोय तर परत फिरूया की," असं त्या दोनदा म्हणाल्या. मोडनिंबला चहा घेतला, ताईंनी डब्यातली कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाची चटणी काढली. माझ्या वाट्याला आली ती इतकी कडक होती की तिने माझ्या दाढेतलं सिमेंट पाडलं. दिवस असा चालला होता.

शीतगृहाच्या दारावर महादेवमामा होते. हेच आमचं दार लावणार. त्यांनी आमचे बूट बघितले.

"ताई, तुमी नक्की विमावाल्याच न्हवं?"

"व्हय मामा. आधी आम्हाला घाम काढायचाय. जिना कुठंय?"

"घाम?" मामांनी आभाळाकडे पाहिलं. "त्यो तर हितं उभं राहिलं तरी येतोय की."

कपडे बदलायला वजनकाट्याची खोली मिळाली. ताईंनी ठरल्याप्रमाणे मागच्या वर्षीच्याच दोन सुती लेगिंग्ज घातल्या, मी फरवाली. वर जाड विजार, बूट, हार्नेस. त्या वेशात आम्ही गच्चीचा लोखंडी जिना चढत-उतरत राहिलो. खोकी उचलणाऱ्या बायका काम टाकून बघायला जमल्या. त्यातली शालन नावाची एक म्हणाली, "आमाला आत जायला पगार मिळतोय. तुमी फुकाट जाताय व्हय?" सगळ्या खिदळल्या. ताईही हसल्या, मला ढोसून म्हणाल्या, "अक्कल आहे बघ तिला."

घामाच्या धारा लागल्यावर मामांनी दार उघडलं. आत लोण्याची खोकी छतापर्यंत, पांढरा उजेड आणि पंख्यांची घरघर. नाकातले केस ताठ झाले. पहिल्यांदा बरंच वाटलं. मग माझी फरवाली लेगिंग घामाने जड होऊन हार्नेसखालून घसरायला लागली. लव भिजून मांडीला चिकटली.  थोड्या वेळाने ताईंनी गुडघे चोळले, मग पाय आपटले.

"सुमन, गेले बघ. बोटं जाणवत नाहीत. तेच. अगदी तेच."

आवाजात रडणं नव्हतं, सुटका होती. आम्ही दार वाजवलं, मामांनी उघडलं. उन्हात बसून ताईंनी चहा घेतला आणि समाधानाने म्हणाल्या, "झालं ना? चल आता घरी. रस्त्यावर ऊस वाढायच्या आत."

"आता ही घाला." मी माझी लोकरीची लेगिंग पुढे केली.

"पाय तर माझेच आहेत ना? ते बदलणार आहेस का?"

"नाही, फक्त लेगिंग बदलायची. बूट तेच, मोजे तेच, जिना तोच."

"डोंगर राहू दे, मला घरी जाऊ दे!" ताई एवढ्या जोरात म्हणाल्या की शालनने हातातलं खोकं खाली ठेवलं. पण शब्द दिला होता. त्या वजनकाट्याच्या खोलीत गेल्या आणि दार आपटलं.

पाय पूर्ण उबदार होईपर्यंत मी त्यांना उन्हात बसवलं. पुन्हा जिना. पुन्हा घाम, या वेळी रागामुळे जास्तच. पुन्हा आत.

ताई खोक्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ. मी माझ्या ओल्या फरात कुडकुडत त्यांच्या पायांकडे बघत होते. गुडघे चोळले नाहीत. पाय आपटले नाहीत. मघाची वेळ उलटून गेली. माझे दात वाजायला लागले.

"ताई, काय होतंय?"

त्यांनी बुटाचं टोक जमिनीवर टेकवून पाहिलं.

"बोटं जाणवतायत का?"

"जाणवतायत."

"मग चला बाहेर."

"थांब."

मामांनी बाहेरून दार ठोकलं. "ताई, बास की! मालक माजी नोकरी घालवत्याल!" मी बाहेर आले. ताई नाही आल्या. दार अर्धवट धरून मामा माझ्याकडे बघत राहिले, आतली थंडी धुरासारखी पायांवरून वाहत होती. शेवटी शालन आत गेली आणि त्यांना दंडाला धरून घेऊन आली. "चला, लोणी व्हायचं का?" ताईंचे डोळे ओले होते. थंडीने येतं तसं पाणी असेल. मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर मोडनिंब आलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे मागच्या वर्षी मी वर पोचले असते."

"बहुतेक."

"वर्षभर मी माझ्या पायांना शिव्या घातल्या."

पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं काहीही बिघडलं की घरातले, डॉक्टर आणि ती स्वतः, तिघंही वयाकडे बोट दाखवून मोकळे होतात. त्यात सोय असते; पुढे काही करावं लागत नाही. आम्ही निदान कपडा बदलून बघितला, आणि त्यासाठी एक अख्खा दिवस, एक दाढ आणि लोण्याचं कोठार लागलं.

मोहोळला ताईंनी मुलाला फोन लावला. "माझं नाव घालतेय मी. नाही रे, विचारत नाहीये. सांगतेय."

सोलापुरात त्यांच्या दारात गाडी थांबवली. त्या उतरल्या, बूट घेतले, हार्नेस घेतला.

"ताई, लेगिंग? अंगावर माझी लेगिंग आहे."

त्यांनी वळून पाहिलं.

"तू दुसरी मागव," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.