झाकण उघडताना समोर कोण होतं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसावर एक आरोप फार स्वस्तात करता येतो. ‘तुम्ही आतलं मशीन बदललंत.’ त्याला पुरावा लागत नाही, कारण आत काय होतं ते गिऱ्हाइकानं कधी पाहिलेलंच नसतं. माझे पप्पा लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानाला लागून असलेल्या एका अरुंद गाळ्यात तीस वर्षं बसताहेत. या आरोपाला जागाच राहू नये म्हणून त्यांनी एक नियम ठेवला आहे. मालक समोरच्या स्टुलावर बसल्याशिवाय ते घड्याळाचं झाकण उघडत नाहीत. मालकाचा फोन वाजला किंवा त्यानं मान वळवली, की पप्पांचा हात थांबतो, चिमटा हवेत तसाच. गिऱ्हाइकं वैतागतात. पप्पा म्हणतात, “बोलून घ्या. मला घाई नाही.”

एवढं सगळं करूनही मागच्या हिवाळ्यात त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शिरगावच्या अलीकडच्या एका गावात बऱ्यापैकी जमीन असलेले एक शेतकरी आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते पप्पांना मास्तर. त्यांच्या घरातली सगळी घड्याळं पप्पांच्याच हातून गेलेली. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि जावयाला स्विस घड्याळ द्यायचं त्यांनी मनात घेतलं. नवं परवडणारं नव्हतं. बंगल्यांचे प्लॉट विकणारा एक एजंट वापरलेली महागडी घड्याळंही विकतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. आबांनी त्याला अट घातली, “आमच्या मास्तरला दाखवणार, मगच घेणार.” एजंट तयार झाला. गाळ्यात शिरताना त्यानं छताचा पंखा, भिंतीवरचे जुने पट्टे आणि पप्पांची डोळ्यावर चढवायची भिंगाची डबी पाहिली आणि तो आणखीच निर्धास्त झालेला मला दिसला.

मी दुपारी गाळ्याच्या मागच्या बाजूला लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करते, कारण घरी नेटवर्क नसतं. गिऱ्हाइकांशी मी बोलत नाही. इंग्रजी शाळेत घातलं की मुलगी धीट होईल असं आईला वाटलं होतं. झालं एवढंच, की मी दोन भाषांत गप्प राहायला शिकले.

एजंटनं हिरवा डबा उघडला. घड्याळ इतकं चकचकीत होतं की आबा नुसते बघत राहिले. “नव्यासारखंच की ओ!”

“तेच तर,” पप्पा म्हणाले. त्यांनी पट्टा जिथे अडकतो तिथल्या कडेवरून नख फिरवलं. “आबा, इथं बोट लावा. ही कड धारदार पाहिजे. घासून घासून गोल झालीय. सोनं उजळतात तसं याला उजळलंय. सोन्याला चालतं, याला नाही.”

मग त्यांनी घड्याळ आडवं धरलं. पट्टा कोमेजल्या दोडक्यासारखा खाली लोंबला. “कड्या झिजल्यात. भरपूर वापरलंय.” तळहाताचा आडोसा करून त्यांनी डायलवर नजर लावली आणि आबांनाही वाकायला लावलं. आकड्यांच्या जागचे ठिपके अंधारात हिरवे चमकत होते, काटे मात्र काळे. “दोन्ही एका वेळचे असते तर दोन्ही चमकले असते. काटे नंतरचे आहेत.”

“काका, सर्व्हिसिंगमध्ये काटे बदलतात,” एजंट हसून म्हणाला.

“बदलतात,” पप्पांनी मान्य केलं. “उघडू?”

एजंट म्हणाला, “बिनधास्त.” पप्पांनी दोघांनाही समोर घेतलं. एजंटला स्टूल मिळालं नाही, तो काउंटरला टेकून उभा राहिला. पप्पांनी झाकण फिरवलं. आत कंपनीचं नाव कोरलेला अर्धचंद्रासारखा तुकडा होता, मनगट हलेल तसा डोलणारा. आबांनी नाव बघून मान डोलवली. पप्पांनी चिमट्यानं तो तुकडा बाजूला सरकवला. खाली दुसऱ्याच कंपनीचा शिक्का होता. असलं मशीन साध्या घड्याळातही मिळतं. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या होत्या. चावीच्या दांडीजवळ गंज होता आणि तारखेच्या चकतीखाली मातीची बारीक रेघ.

“हे भुशीच्या धबधब्याखाली बसून आलंय,” पप्पा म्हणाले. पावसाळ्यात पर्यटकांची भिजलेली घड्याळं त्यांच्याकडे रोज येतात, ती रेघ त्यांना पाठ आहे. “आबा, घड्याळाची बाहेरची डबी खरी आहे. वरचा चंद्रही खरा आहे. आतलं मशीन त्याचं नाही. अर्धं घड्याळ घेताय तुम्ही.”

एजंटचा चेहरा बदलला नाही. त्यानं डब्यातून एक जाड, गुळगुळीत कागद काढला आणि पप्पांना ओलांडून माझ्यासमोर धरला. “मॅडम, तुम्ही वाचा. काकांच्या लेव्हलचं नाहीये हे.”

मी वाचलं. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की घड्याळ अस्सल आहे. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती : विकणाऱ्यानं पाठवलेल्या फोटोंवरून हे मत दिलेलं आहे, घड्याळ उघडून पाहिलेलं नाही.

“काय लिवलंय, पोरी?” आबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत एजंट माझ्याशी भराभर इंग्रजीत बोलायला लागला. मोठी संस्था आहे, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला तर कळतंच. आणि मी मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येत नाही. कुणी अंगावर येऊन बोलायला लागलं की माझी मान आपोआप हलते. त्यानं ती मान उचलली आणि आबांपुढे ठेवली. “बघा, यांची मुलगीच हो म्हणते!”

मग तो पप्पांकडे वळला. “काका, घड्याळ इथे आलं तेव्हा ओके होतं. उघडलं तुम्ही. मशीन तुमच्या हातात होतं. आता मला काय माहीत, तुम्ही काय बदललंत?”

चिक्कीवाल्यांकडची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पप्पा एवढंच म्हणाले, “आबा समोर बसलेत. त्यांना विचारा.”

त्यांनी आयुष्यभर तो नियम पाळला तो याच क्षणासाठी. मी आबांकडे पाहिलं. एकदाही त्यांची मान वळली नव्हती, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. आबांनी हिरव्या डब्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या लोकांकडे.

“मी काय सांगू,” ते म्हणाले. “मला त्यातलं काय कळतंय?”

दहा मिनिटांत, दोन माणसांच्या नाकासमोर, एका हातात चिमटा धरून मशीन बदलता येतं का, हे कळायला घड्याळजी असावं लागत नाही. पप्पांनी झाकण लावून घड्याळ परत दिलं आणि दोघंही निघून गेले. जाताना एजंटनं पप्पांचा खांदा थोपटला. त्या थोपटण्याची मला किळस आली.

त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी पप्पा झाकण उघडत असताना मोबाईल समोर धरला. दुसरा आबांच्याच गावचा होता. लाजत म्हणाला, “रागावू नका मास्तर. आबा म्हनत हुते, हितं मशीन इकडचं तिकडं हुतं म्हून.” पप्पा म्हणाले, “घे की शूटिंग. उजेड पुरतोय का बघ.” आणि काम करत राहिले. त्यांचा तो शांतपणा मला सहन झाला नाही.  

आठव्या दिवशी आबा आले. हातात तोच हिरवा डबा.

“मास्तर, घेतलं बगा शेवटी,” ते स्टुलावर बसत म्हणाले. “तुमी आतलं सांगितलं म्हून लय खाली आला त्यो. निम्म्यात घेतलं.” त्यांनी खिशातून गाठ मारलेला दोरा काढला. बांगडीला माप आणतात तसं जावयाच्या मनगटाचं माप. “याच्या मापानं कड्या काढा. उद्याच साखरपुडा हाय. आन् मशीनचं कुटं बोलू नका बरं का.”

पप्पांनी दोरा घेतला आणि पट्ट्याला लावला. तीन कड्या निघणार होत्या. त्यांनी बारीक हातोडी उचलली.

मी उठले. काउंटरपाशी आले. “आबा, पप्पांनी मशीन बदललं का?”

“आं?”

“त्या दिवशी तुम्ही समोर होता. बदललं का?”

“न्हाई गं, तसं कोन म्हनतं?” ते हसले. “बाजारात असं बोलावं लागतं पोरी. मी मास्तरची बाजू घेतली असती तर सौदा तितंच मोडला असता.”

“मग गावात का सांगितलंत?”

आबांनी डब्याचं झाकण उघडून मिटलं. पप्पा म्हणाले, “पुरे. गिऱ्हाईक आहे ते.” मी डब्यातला कागद काढला आणि तळाची मुंगीएवढी ओळ आबांना मराठीत वाचून दाखवली. उघडून पाहिलेलं नाही. हे मी त्याच दिवशी वाचलं होतं आणि गप्प बसले, हेही सांगितलं. ते सांगताना सगळ्यात जास्त त्रास झाला.

आबांचा चेहरा उतरला. “मंजे उघडून बगनारा योक मास्तरच?”

“एकटेच. आणि ते तुम्ही बघितलंत.”

“जावयापुढं नको वाचूस हां.”

“मी तुमच्या जावयाला ओळखत नाही,” मी म्हणाले. “पण तुमच्या गावातली माणसं इथं मोबाईल घेऊन येतात. शेजारच्या दुकानात त्या दिवशी सगळे ऐकत होते. त्यांना सांगा.”

पप्पांनी कड्या काढून एका पुडीत बांधल्या, घड्याळ पुसलं आणि आबांच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. याचाही मला राग आला. “जावयाला खरं सांगून द्या,” एवढंच ते म्हणाले. आबा पुटपुटले, “असं कुटं सांगत्यात व्हय,” आणि डबा काखेत मारून बाहेर पडले.

ते शेजारी थांबले. साखरपुड्यासाठी चिक्कीचे डबे घ्यायचे होते. दुकानात चार-पाच माणसं होती. आबा मालकाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले आणि माझ्याकडे बघून, झालं ना, अशी मान हलवली.

मी गाळ्याच्या पायरीवर आले. पप्पा मागून म्हणाले, “आत ये.”

“आबा,” मी हाक मारली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “ऐकू नाही आलं. मोठ्यानं.”

दुकानातली माणसं वळली. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, टोपी सारखी केली.

“मास्तरनं काय बी बदललं न्हाई,” ते म्हणाले. “मी समोर बसलो हुतो.”