गणिताच्या तासाचे चिंचोके

आमच्या घराण्यातला एक पूर्वज तंजावूरच्या राजवाड्यात हत्तींची हजेरी घेत असे, असं आमचे वडील छाती फुगवून सांगत. पुरावा काही नाही. पण घराणं म्हटलं की एक तरी गोष्ट बिनपुराव्याची असावी लागते. माझी थोरली बहीण, अक्का, दर वेळी म्हणायची, "हत्ती आला नाही हे कळायला माणूस कसाला ठेवायचा? आंधळ्यालाही कळेल की!" आणि मग पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून दाखवायची, "हा बघा, त्याच वंशातला."

त्या वंशातला मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. काम हजेरीचंच. ती भरली नाही तर विद्यार्थ्याला परीक्षेला बसू द्यायचं नाही, हा माझा राजवाडा आणि हे माझे हत्ती. मागे एकाने कावीळ झाल्याचं सर्टिफिकेट आणून दिलं. तेच सर्टिफिकेट त्याच्या थोरल्या भावाने दोन वर्षांपूर्वी मलाच दिलं होतं, फक्त नाव आणि तारीख बदललेली. मी ते एका नजरेत पकडलं आणि तो पराक्रम महिनाभर घरी जेवताना सांगितला. बायको म्हणाली, "अहो, पुरे. भाताला कावीळ होईल."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी काय केलं ते वाचताना तुम्हाला ते सर्टिफिकेट आठवणार आहे.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. शाळा मुलींची, आम्ही राहतो त्या राजवाड्याच्या गल्ल्यांपासून सायकलवर आठ-दहा मिनिटं. चालवतो एक ट्रस्ट, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. अशा शाळेच्या व्यवस्थापकाला आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात. आमचे करस्पाँडंट पांढरी वेष्टी नेसणारे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्याच आवारात, भिंतीपलीकडे, त्याच ट्रस्टची दुसरी शाळा आहे. ती फी घेणारी, इंग्रजी माध्यमाची, गळ्यात टाय बांधणारी. मधल्या भिंतीत एक लहान लोखंडी दार आहे. त्या दारातून कोण कुठे जातं याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

लक्ष ठेवणं हे माझं कामच होतं, ही त्यातली गंमत. सरकारी पगारावर चालणाऱ्या शाळेवर पालकांचीही नजर हवी म्हणून तिथे एक कमिटी असते. तिच्यात मी दोन वर्षं होतो. मला घेतलं ते अक्षरासाठी. माझं तमिळ अक्षर छापल्यासारखं आहे. मराठीचं विचारू नका. बोलतो जन्मापासून, पण देवनागरी शिकलो चाळिशीनंतर, आणि अजून 'ळ' आला की हात थबकतो. तर अक्षर चांगलं म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.

कमिटीत बाकी बहुतेक आयाच. अध्यक्षा मोठ्या देवळाच्या रस्त्यावर फुलं विकणारी एक बाई. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. बाईंना वाचता येई, पण सावकाश. सही करण्याआधी त्या म्हणत, "रायर, तुम्ही वाचा. मी ऐकते." इथे आम्हा मराठी लोकांना अस्क्यांना, म्हणजे सगळ्यांनाच, रायर म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकलं की मी दोन बोटं उंच व्हायचो. मग घसा साफ करून वाचायचो, त्या सही करायच्या, आणि केशरी नावाचा शिरा, बोंडा, फेसाळ कॉफी यायची.

आता ते सर्टिफिकेट. ही कॉफी निवांत पिता यावी म्हणून मी इतिवृत्त घरूनच लिहून न्यायचो. मागच्या सभेचं समोर ठेवायचं आणि तारीख बदलायची. "सर्व विषयांचे तास नियमित होत आहेत. गणिताच्या तयारीबद्दल कमिटीने समाधान व्यक्त केले." समाधान शब्द मला फार जमायचा.

नवरात्रात अक्काकडे जेवण असतं. बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, गल्लीतली चार घरं जेवायला. आमच्यात जेवणाऱ्या माणसांना एक-दोन-तीन असं मोजत नाहीत, नजर लागते म्हणतात. पान मांडलं की पानामागे एक चिंचोका पितळी गडूत टाकायचा. मग चिंचोके हवे तितके मोजा. हे काम लहानपणापासून माझ्या मुलीचं. त्या दिवशी गडूतले चिंचोके कमी पडले. अक्काने बघितलं तर मुलीच्या दप्तरातल्या कंपासपेटीत काही दिसले. तिने हात घातला.

"आत्या, ते नको!"

"का? सोन्याचे आहेत?"

"गणिताचे आहेत. सार वर्गात आले की आम्ही एक टाकतो." सार म्हणजे आमच्याकडचे सर.

अक्काने चिंचोके तळहातावर घेतले. नऊ होते.

"शाळा सुरू झाल्यापासून?"

"हो. जूनपासून."

"आणि तास रोज असतो?"

"रोज. टाइमटेबलात."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी सांबाराच्या पातेल्याकडे बघितलं. नवरात्र म्हणजे शाळा सुरू होऊन चार महिने झाले होते.

"सार मग जातात कोठे?" बायकोने विचारलं.

"लोखंडी दारातून पलीकडे. तिकडचे गणिताचे सार सोडून गेले ना."

"आणि तुम्ही काय करता?"

"फुलवाल्या अम्मांची मुलगी शिकवते. तिला येतं तेवढं. तिला नाही आलं की आम्ही शांत बसतो."

मी आवाज चढवला. अपराधी माणसाचा आवाज लगेच चढतो. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, अप्पा. जुलैत. तुम्ही म्हणालात, काहीतरी कारण असेल. आणि पेपर उलटलात."

बायकोने हळूच विचारलं, "वहीत काय लिहिलंय तुम्ही?"

मी सांगितलं. 'समाधान' हा शब्द गाळून सांगायचा प्रयत्न केला, पण ती ओळखते मला.

अक्का नऊ चिंचोके परत कंपासपेटीत टाकत म्हणाली, "हत्ती आला नाही, आणि आमच्या हजेरीवाल्याला कळलं नाही." एवढं बोलून ती पानं वाढायला गेली. तिने आणखी दहा वाक्यं बोलायला हवी होती. मला बरं वाटलं असतं.

त्या जेवणाची चव मला आठवत नाही. डोक्यात एकच हिशेब. मार्चमध्ये दहावीची परीक्षा. वर्गात पस्तीस-चाळीस मुली. बहुतेकींच्या घरी शिकवणी लावायची ऐपत नाही, म्हणून तर त्या भिंतीच्या या बाजूला. यांचं गणित राहिलं तर पुढचं दार बंद, आणि त्या दाराला कडी घातली माझ्या सुंदर अक्षराने.

सकाळी मी फुलांच्या दुकानाशी जाऊन उभा राहिलो. दुकान म्हणजे एक स्टूल, एक टोपली आणि केळीच्या सालीचा ओला दोरा. बाईंची बोटं चालू होती. मी सगळं सांगितलं, घरून लिहून आणायचो तेही. बोटं थांबली.

"मुलगी म्हणाली होती, अम्मा, मी वर्गाला गणित शिकवते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हुशार आहे म्हणून सारांनी उभं केलं असेल. मी रस्त्यावर अस्क्यांना सांगितलं, रायर."

मी सुटलेल्या दोऱ्याचं टोक त्यांच्याकडे सरकवलं.

"तुम्ही वाचलंत, म्हणून मी सही केली."

मी म्हणालो, वहीतलं ते वाक्य खोडून टाकतो.

"खोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "खोडलं तर पोरींना चार महिने सार नव्हते हे कुठे राहील? सभेत वाचा आणि खोटं आहे म्हणा. मी शेजारी बसते."

सांगायला सोपं. माझी मुलगी त्याच शाळेत. करस्पाँडंटांनी तिच्या अ‍ॅडमिशनला मला खुर्ची देऊन बसवलेलं. आणि पुढच्या सभेला शिक्षण खात्याच्या अधिकारी येणार होत्या. मी बायकोला म्हटलं, मला त्या दिवशी ताप येईल असं वाटतंय. ती म्हणाली, "सर्टिफिकेट आणा. तारीख बघते मी."

सभेच्या दिवशी मुलीने कंपासपेटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "अप्पा, सांडू नका."

केशरी आली होती. मी वही उघडली आणि मागचं इतिवृत्त वाचलं. "गणिताच्या तयारीबद्दल कमिटीने..." इथे मी थांबलो. अध्यक्षाबाईंनी पाण्याचा पेला सरकवला. मी प्यालो आणि म्हणालो, "हे खोटं आहे. मी सभेआधी घरी लिहिलं होतं. त्याच्या आधीचंही. फक्त तारीख बदलून."

करस्पाँडंट हसले, "रायर, आधी कॉफी घ्या."

"कॉफी नंतर," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "आधी गणित."

मी कंपासपेटी उघडून टेबलावर ठेवली. अधिकारीबाईंनी चष्मा वर केला. "हे काय?"

मी सांगितलं. करस्पाँडंट मृदूपणेच म्हणाले, "मॅडम, चिंचोक्यांवर शाळा चालते का? मोबाइलवर बघा, सारांची रोज हजेरी आहे."

आणि होती. तीच तर मेख. हल्ली शिक्षकांची हजेरी अ‍ॅपवर लागते, आणि अ‍ॅप सांगतं माणूस आवारात आहे की नाही. आवार एकच. अ‍ॅपला भिंत दिसत नाही. दोन्ही खऱ्या गोष्टी होत्या: सार रोज हजर होते आणि वर्गात सार नव्हते. आयुष्यभर हजेरी तपासून मला हे ठाऊक नव्हतं की हजर असणं आणि तिथे असणं वेगळं असू शकतं.

अधिकारीबाई उठल्या. आम्ही मागोमाग. लोखंडी दाराशी पोचतो तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, दार उघडलं आणि गणिताचे सार वाकून आत आले. दार बुटकं आहे, वाकावंच लागतं. हातात खडू, शर्टावर पांढरी भुकटी. समोर एवढी माणसं बघून ते तसेच अर्धे वाकलेले राहिले.

"कुठून आलात?" अधिकारीबाईंनी विचारलं.

सारांनी करस्पाँडंटांकडे बघितलं नाही, खडूकडे बघितलं. "जा म्हणतात, मी जातो. तीही मुलंच आहेत, मॅडम." मग जरा थांबून म्हणाले, "पण माझा वर्ग हा आहे."

करस्पाँडंट तेव्हा पहिल्यांदा खरं बोलले असं मला वाटलं. म्हणाले, एका महिन्यासाठी म्हणून पाठवलं होतं. माणूस मिळाला नाही, महिना लांबला, कुणी विचारलं नाही. "कुणी विचारलं नाही" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. विचारायला नेमलेला माणूस मीच होतो.

नवं इतिवृत्त मी तिथेच, सगळ्यांसमोर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. अध्यक्षाबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं नाही. वही स्वतःकडे ओढली, बोट ठेवून एकेक शब्द वाचला, सगळे थांबले, केशरी गार झाली, आणि मग सही केली. त्याखाली माझी.

दुसऱ्या दिवसापासून सार या बाजूला. अधिकारीबाईंचा लेखी हुकूम आला. लोखंडी दाराला आमच्या बाजूने कडी बसली. शनिवारी सकाळी जादा तास सुरू झाले. ते सारांनी आपणहून घेतले. डिसेंबरात मुलगी म्हणाली, कंपासपेटी मिटत नाही. चिंचोके कॉफीपावडरच्या रिकाम्या बाटलीत गेले.

मे महिन्यात निकाल लागला. त्या वर्गातली एकही मुलगी गणितात नापास झाली नाही. माझ्या मुलीला त्रेसष्ट मिळाले आणि फुलवाल्या बाईंच्या मुलीला चौऱ्याण्णव. मी गल्लीभर आधी चौऱ्याण्णव सांगितले. लोकांना वाटलं, माझ्याच मुलीचे. खुलासा करायला मी थोडा वेळ घेतला, एवढी लबाडी अजून शिल्लक आहे.

आता मुलगी दुसऱ्या शाळेत गेली, पण अध्यक्षाबाईंनी नव्या कमिटीला आधी विचारून मग लिहिण्याची शिस्त घालून दिली आहे. सभेआधी दोन आया वर्गांत जाऊन मुलींना विचारून येतात. वही उघडते ती त्यानंतर.

परवाच्या नवरात्रात अक्काकडे नवे पाहुणे होते. मी पानं मांडत होतो. अक्का त्यांना सांगत होती, "आमच्या घराण्यातलं एक माणूस हजेरी घेतं. एकही हत्ती चुकत नाही." मी सवयीने मान खाली घातली, आता बोट माझ्याकडे येणार म्हणून. पाहुणे माझ्या मुलीकडे बघत होते. ती गडू घेऊन माझ्यामागून येत होती, पानामागे एक चिंचोका टाकत.

"अप्पा, हळू," ती म्हणाली. "एक पान मांडायचं राहिलं तुमचं."